सुलभाचं पथ्य

नऊ महिन्यांनी एकनाथ बोधनकर पुन्हा त्या चीजच्या दुकानात शिरला, तेव्हा काउंटरमागच्या पांढऱ्या केसांच्या बाईने त्याला लगेच ओळखलं. ओळखणारच. सोळा वर्षं दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की हा गृहस्थ मॅनहॅटनमधल्या या दुकानात यायचा, एकच चीज घ्यायचा आणि घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: यात दूध घट्ट करणारं रेनेट वासराच्या पोटातलं की दुसरं? पहिल्यांदा त्याने तो विचारला, तेव्हा हा कुठला तरी सरकारी इन्स्पेक्टर असावा असं बाईला वाटलं होतं.

"मिसेस कशा आहेत?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"बरी आहे," एकनाथ म्हणाला. "आज चार द्या."

गेले तीन आठवडे हे 'बरी आहे' त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की आपण खोटं बोलतो आहोत हेही त्याला कळेनासं झालं होतं. बाईने चार चीजं कागदात गुंडाळली, वर एक लहान डबी फुकट घातली आणि "तिला माझा नमस्कार सांगा" म्हणाली. एकनाथने पिशवी छातीशी धरली आणि तो जर्सी सिटीची गाडी पकडायला निघाला. बऱ्याच दिवसांनी त्याची पावलं भराभर पडत होती.

रेनेटची भानगड सुलभाची. ती अमरावतीच्या कट्टर शाकाहारी घरातली मुलगी. लग्न होऊन इकडे आली, शिकली आणि न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजत राहिली. तिथेच एका पॉटलकला, ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणात, तिने पहिल्यांदा मऊ, पांढऱ्या सालीचं फ्रेंच चीज खाल्लं आणि खुळी झाली. नंतर कुणीतरी सांगितलं, की दूध गोठवायला यात वासराच्या जठरातला रस घालतात. त्या दिवशी सुलभाने तीनदा चूळ भरली. तरी चव जाईना, आणि जावी असं तिला वाटतही नव्हतं, हीच पंचाईत.

पण सुलभा हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने शोधून काढलं, की अमेरिकेत छोट्या छोट्या शेतांवर चीज करणारे बरेच लोक वासराच्या वाटेला जात नाहीत, बुरशीपासून केलेलं रेनेट वापरतात. मग तिने व्हरमाँटपासून कॅलिफोर्नियापर्यंत सगळ्यांना ईमेल लिहिले. उत्तरं आली, त्यांबरोबर गायींचे आणि बकऱ्यांचे फोटो आले, एका म्हाताऱ्याने तर आपल्या बकऱ्यांची नावंही कळवली. त्या दिवसापासून बोधनकरांच्या घरात फ्रान्सला बंदी झाली आणि दर शुक्रवारी एक अमेरिकन मऊ चीज येऊ लागलं. वरून पांढऱ्या बुरशीची मखमली साल, आणि अढीतल्या आंब्यासारखं बाहेरून आत पिकत जाणारं. आणलं की तासभर बाहेर ठेवायचं, मग कापायचं, मग दोघांनी चाखायचं आणि सुलभाने मार्क द्यायचे. मार्कांच्या बाबतीत बाई भारी कद्रू होती. सोळा वर्षांत साडेआठच्या वर कुणी गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी, ऐन दसऱ्याच्या सुमारास, तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली, आणि आहारतज्ज्ञ बाईने काय खायचं नाही त्याचा एक कागद हातात दिला. पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर साधा जंतूही जिवावर उठतो. म्हणून मोड आलेली कडधान्यं नकोत, बाहेरचं सॅलड नको, आणि मऊ, बुरशीच्या सालीचं चीज तर अजिबात नको. एकनाथने तो कागद फ्रिजवर लावला आणि देवाच्या पोथीसारखा पाळला. तो द्राक्षं व्हिनेगरमध्ये धुवायचा आणि मग पुन्हा पाण्याने धुवायचा. बाहेरचं दहीसुद्धा त्याने घरात येऊ दिलं नाही.

"अहो, नखाएवढं आणा," सुलभा म्हणायची. "नुसतं हुंगते."

"नाही म्हणजे नाही. आधी बरी हो, मग अख्खं दुकान आणतो."

सुलभा तोंड वाकडं करायची, पण तिला ते आवडायचं. बारीकसारीक गोष्टींवरून असा वाद घालायला समोर माणूस आहे, म्हणजे अजून सगळं ठीक आहे, असं तिला वाटत असावं.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांचा फोन आला. सुलभाने सुरुवातीलाच त्यांना सांगून ठेवलं होतं, "आकडे मला नका सांगू, माझ्या नवऱ्याला सांगा. मी जन्मभर आकडेच मोजले, स्वतःचे मोजत बसले तर झोप लागायची नाही." म्हणून फोन एकनाथला आला. केमोचा उपयोग होत नाही, डॉक्टर म्हणाल्या. आता थांबवू. काही आठवडे आहेत, फार तर दोन महिने. दुखणं कमी ठेवायला घरी नर्स येईल. आता पथ्यही नको, त्यांना आवडेल ते खाऊ द्या.

"मी त्यांच्याशी बोलू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सांगतो," एकनाथ म्हणाला.

आणि त्याने सांगितलं ते असं: "तुझे पांढऱ्या पेशींचे काउंट्स खाली गेलेत. डॉक्टरांनी थोडा ब्रेक दिलाय. वर आले की पुन्हा सुरू करू."

आता या माणसाला खोटारडा म्हणावं तर तसं नाही. तीस वर्षांत त्याने टॅक्सच्या फॉर्मवर एक डॉलर इकडचा तिकडे केला नव्हता. पण आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याला मरायचं असतं, त्याला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, आणि याला लोक माया म्हणतात. एकनाथच्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं नव्हतं; मग बायकोला सांगायचं कसं, हे त्याला कुठून येणार? आणि नाटक करायचं तर पुरतं करावं, म्हणून त्याने फ्रिजवरचा कागद तसाच ठेवला. पथ्य उठलं होतं, तरी द्राक्षं दोनदा धुणं चालूच राहिलं.

अनिकाला, म्हणजे मुलीला, त्याने खरं सांगितलं. ती इथेच जन्मलेली, आता बोस्टनला शहरनियोजनाच्या ऑफिसात काम करणारी.

"बाबा, दॅट्स हर इन्फर्मेशन," ती फोनवर म्हणाली. "तुझं नाहीये ते. यू हॅव टू टेल हर."

"बेटा, ती खचून जाईल."

"तिला डिसाइड करू दे ना."

"मी सांगेन. योग्य वेळ बघून सांगेन."

अमरावतीहून शोभनाचाही फोन आला. सुलभाची धाकटी बहीण. बँकेतून रिटायर झालेली, एकटी. तिच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, अनिकाच्या ग्रॅज्युएशनला काढलेला. सगळं ऐकून ती म्हणाली, "भाऊजी, मी तिकीट बघते. परवा निघते."

"नको," एकनाथ म्हणाला. "तू अशी अचानक आलीस, तर तिला संशय येईल."

"येऊ दे की."

"शोभना, ती आशेवर आहे. ती आशा मोडायची नाही मला."

शोभना म्हणाली, "भाऊजी, मी हे एकदा केलंय. आईच्या वेळी मी ताईला फोनवर 'आई बरी आहे, सावकाश ये' म्हणत राहिले, आणि ताई आली ती तेराव्याला. वर्षभर बोलली नाही माझ्याशी. तुम्हाला आठवत नाही?"

एकनाथला चांगलं आठवत होतं. ते वर्षभराचं रडणं त्यानेच ऐकलं होतं. पण माणसाला दुसऱ्याची चूक दिसते, आपली मात्र माया वाटते. "पुढच्या महिन्यात बघू," तो म्हणाला, "काहीतरी निमित्त काढून बोलावतो तुला." शोभना शेवटी ऐकली. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही, असल्या वळणातली ती बाई.

असे तीन आठवडे गेले. सुलभाचं खाणं घटत घटत दोन घोट पेजेवर आलं. पोट फुगलं, हात काटक्यांसारखे झाले. तिच्याशी बोलताना एकनाथ नुसता हवामानावर बोलायचा. आणि या शुक्रवारी सकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत पडल्या पडल्या एकदम म्हणाली, "पट्टेवाला आठवतोय हो."

एकनाथला इतका आनंद झाला, की काय करू आणि काय नको. त्यांच्या चीजांतल्या एकाचं हे घरातलं नाव; म्हणजे तिला काहीतरी खावंसं वाटतंय! नर्स आली तेव्हा त्याने तिला दाराबाहेर गाठून पुन्हा विचारून घेतलं. खुशाल द्या, ती म्हणाली. मग त्याने शेजारच्या काकूंना सुलभाजवळ बसवलं आणि तो धावत मॅनहॅटनला गेला. घरी कारण काय सांगायचं, तेही त्याने गाडीत ठरवून टाकलं. ज्या माणसाने बहिणीला येऊ दिलं नाही, मुलीला दर आठवड्याला येऊ दिलं नाही, नर्सच्या बॅगेवरचं, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेचं नावसुद्धा बायकोला दिसू दिलं नाही, त्याला या पिशवीत काही धोका दिसला नाही.

घरी, तेविसाव्या मजल्यावर, ऊन कलतं झालं होतं. काकू गेल्या. एकनाथने चारही चीजं लाकडी पाटावर मांडली आणि पाट सुलभाच्या खुर्चीपुढे आणून ठेवला.

"हे काय?" सुलभाने विचारलं.

"सरप्राइज. काउंट्स वर आलेत. डॉक्टर म्हणाल्या, आता चालेल."

सुलभाने त्याच्याकडे पाहिलं. मग चीजांकडे पाहिलं. मग ती हसली आणि म्हणाली, "तासभर थांबायचं ना? गार चीज मुकं असतं."

ते तासभर थांबले. सुलभाने मध्ये डोळे मिटले, पण झोपली नाही. ऊन खोलीभर सरकत गेलं तसा चीजांचा वास हळूहळू सुटत गेला. या चौघांना शेतांनी दिलेली गोड गोड इंग्रजी नावं होती, पण बोधनकरांच्या घरात ती कधी चालली नाहीत. न्यू यॉर्क राज्यातलं, वरून साय घालून केलेलं, ते नुसतं लोणीच, म्हणून बाळकृष्ण. जॉर्जियातलं छोटं गोल चीज पहिल्या आठवड्यात गप्प असतं आणि तिसऱ्या आठवड्यात घर डोक्यावर घेतं, म्हणून सूनबाई. कॅलिफोर्नियातलं बकरीच्या दुधाचं, मधोमध राखेची रेघ ओढलेलं, तो गोसावी. आणि व्हरमाँटचं, कमरेला झाडाच्या सालीचा पट्टा बांधलेलं, तो पट्टेवाला.

"बाळकृष्णापासून," सुलभा म्हणाली.

एकनाथने सुरीच्या टोकावर घेतलं तेवढंच तिच्या जिभेवर ठेवलं. तिने तोंड मिटलं, टाळूला लावून हळूहळू विरघळवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण याच्याकडे बोलायला काही नाही. लाडावलेलं पोर. साडेसहा."

"सात तरी दे."

"साडेसहा. सूनबाई आणा."

सूनबाईची साल तिने आधी वेगळी चाखली, मग आतला मऊ भाग, मग दोन्ही एकत्र. "शिजत्या फ्लॉवरचा वास आहे. मागून कच्चा शेंगदाणा. सालीला किंचित कडूपणा, पण वाईट नाही. तुम्हाला लागला का शेंगदाणा?"

"मला फ्लॉवरच लागतोय नुसता."

"तुमच्या जिभेवर कॉफीची पुटं चढलीत. सात."

गोसाव्याला तिने जास्त वेळ दिला. सालीखाली ओघळणारा थर आणि आत कोरडा, भुसभुशीत गाभा, अशा दोन चीजांचं ते एक चीज. तिने आधी ओघळणारं खाल्लं, मग गाभा खाल्ला, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "आई चक्का टांगायची ना, त्याच्या अगदी मधला गोळा. लिंबासारखा आंबट. आणि ही साल म्हणजे... पावसाळ्यातलं तळघर. आठ."

"साडेआठ," एकनाथ म्हणाला. गोसावी त्याचा लाडका. यावरून त्यांचं सोळा वर्षं भांडण होतं.

"तुमचं आपलं काहीतरीच. आता पट्टेवाला. चमच्याने द्या."

एकनाथने पट्टेवाल्याची वरची साल झाकणासारखी कापून उचलली. आत सगळं पातळ पिवळसर, खळीसारखं झालं होतं. अगदी जिथे पिकायला हवं तिथे पिकलेलं. ओल्या लाकडाचा आणि अळंब्यांचा वास आला. सुलभाने एक चमचा घेतला. मग दुसरा. मग जरा थांबून, खुर्चीच्या हातावर टेकून, तिसरा.

"चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं," ती म्हणाली, "आणि शेवटी मोहरीचा ठसका. ही साल नुसती बांधलेली नाही बघा, आत उतरलीये. गोसावी एकेक सांगतो. याचं सगळं एकदम ऐकू येतं."

तीन आठवड्यांत सुलभाने कशाचेच तीन चमचे खाल्ले नव्हते. एकनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याने स्वतः मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला, की पुढच्या शुक्रवारी आपण ओरेगॉनचं ते निळसर झाक असलेलं आणू, आणि त्याच्यापुढच्या शुक्रवारी... तो बोलत सुटला. इतका सुखात होता वेडा माणूस, की समोरची बाई बोलायची थांबली आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सुलभाने चमचा पाटावर ठेवला. रुमालाने ओठ पुसले.

"रक्त कधी काढलं?" तिने विचारलं.

"काय?"

"काउंट्स वर आले म्हणालात. काउंट्स रक्तातून कळतात. तीन आठवड्यांत मला कुणी सुई टोचली नाही. मग हे काउंट्स कुणाचे?"

एकनाथची गाडीत ठरवलेली वाक्यं सगळी संपली होती.

"सुया बंद झाल्या तेव्हाच मला शंका आली होती," सुलभा म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. लॅबमधला रिपोर्ट वाचताना असायचा तसा होता. "नर्स आली तेव्हा तर फारच आली. पण तुम्ही द्राक्षं दोनदा धूत होतात. दही आणू देत नव्हतात. मी म्हटलं, मरणाऱ्या माणसाला कुणी पथ्य लावत नाही. हा माणूस एवढं पाळतोय, म्हणजे अजून काहीतरी आहे."

"सुलभा..."

"किती दिवस म्हणाल्या?"

एकनाथने खाली बघत सांगितलं. काही आठवडे. त्यातले तीन गेले.

तिने मान हलवली. खाली नदीकडची गाडी बोगद्यात शिरली. मग सुलभाने विचारलं, "शोभनाला माहीत आहे?"

"हो."

"आणि ती येते म्हणाली नाही?"

इथे खोटं बोलायला त्याला पुष्कळ जागा होती. पण त्याच्यातला खोटं बोलणारा माणूस तेवढ्यापुरता तरी संपला होता. "म्हणाली. तिकीट काढत होती. मीच नको म्हटलं. तुला संशय येईल म्हणून."

सुलभाने त्याच्याकडे पाहिलं ते एकनाथला जन्मभर पुरेल असं. बायको चिडली, रडली, ओरडली, तर नवऱ्याला काय करायचं ते समजतं. ही नुसती बघत होती.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवड्यांत ती माझ्याजवळ बसली असती. मला उठता येत होतं तेव्हा. बोलता येत होतं. आईच्या वेळी ती एकटी होती आणि मी इथे होते. आम्ही दोघी त्यावर कधी नीट बोललोच नाही. मी ठरवलं होतं, बरी झाले की बोलावीन आणि बोलेन. तुम्ही मला बरी होण्याची वाट बघायला लावलीत."

"माझं चुकलं."

"हो. चुकलं." तिने हात पुढे केला. "माझी शपथ घ्या. यापुढे मी काही विचारलं तर खरं सांगायचं. कितीही वाईट असलं तरी."

एकनाथने तिच्या हातावर हात ठेवला. शपथ मोडली, तर जिची घेतली तिचं वाईट होतं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. आता तिचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं? पण असा हिशेब तेव्हा कुणाला सुचतो. "तुझी शपथ," तो म्हणाला.

मग त्याने अमरावतीला फोन लावला. तिकडे शनिवारची पहाट होती. शोभनाला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं, तिने एकही प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाली, "ताईला द्या." दोघी बहिणी फार बोलल्या नाहीत. सुलभा एवढंच म्हणाली, "स्क्रीनवर नको गं. तू ये." सगळ्यात लवकरचं तिकीट मिळालं ते मंगळवार पहाटेचं. नागपूरहून दोहा, दोहाहून न्यू यॉर्क. मंगळवारी दुपारी तीनला पोचणार.

शनिवारी अनिका आली. तिने आईला मिठी मारली आणि मग स्वयंपाकघरात येऊन बापाला हळूच विचारलं, "शी नोज?"

"हो."

"गुड," अनिका म्हणाली. तिने फ्रिजवरचा कागद काढला, त्याची घडी केली आणि कचऱ्यात टाकली.

रविवारी सुलभा अर्धा दिवस झोपून होती. जाग आली, की विचारायची, "निघाली?" आणि एकनाथ खरं सांगायचा, "नाही, अजून अमरावतीतच आहे." सोमवारी तिला पाणीही गिळवेना. नर्सने ओठांवर ओला बोळा फिरवायला शिकवलं, आणि दाराशी अनिकाला सांगितलं, की अशा वेळी काही माणसं कुणाची तरी वाट बघत थांबतात. किती, ते कुणी सांगू शकत नाही. "निघाली?" सुलभाने ओठांनीच विचारलं. "नागपूरला पोचली. विमानतळावर आहे," एकनाथने तिच्या कानाशी सांगितलं. दर वेळी खरं सांगताना त्याला बरं वाटत होतं. आपण तीन आठवड्यांचं थोडं थोडं फेडतो आहोत असं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी तिचा श्वास बदलला. घरघर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा घरघर. अनिका एका बाजूला, एकनाथ दुसऱ्या बाजूला. सुलभाने एका हाताने पलंगाचा कठडा धरला होता, तो आदल्या संध्याकाळपासून तिने सोडलाच नव्हता. अनिकाने बोटं सोडवायचा प्रयत्न केला, तर आणखी घट्ट धरला. एकनाथने फोन उशीजवळ ठेवला होता. फोनवरच्या नकाशात एक पिवळं विमान निळ्या समुद्रावर अडकल्यासारखं दिसत होतं.

साडेदहाच्या सुमाराला सुलभाने डोळे उघडले. दोन दिवसांत इतके स्वच्छ उघडले नव्हते. तिने दाराकडे पाहिलं आणि मग एकनाथकडे.

"शोभना आली?" तिने विचारलं. आवाज होता, स्पष्ट होता.

अनिकाने बापाकडे पाहिलं. एकनाथने फोनकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून समुद्रावर आहे. साडेचार तास आहेत."

सुलभा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान दाराकडून भिंतीकडे वळवली. कठड्यावरची बोटं एकेक करून सुटली, आणि हात चादरीवर पडला. त्यानंतर ती आणखी वीस मिनिटं होती, पण तिने पुन्हा कुणाकडे पाहिलं नाही.

नर्सला फोन झाला. ती आली, तिने वेळ लिहून घेतली आणि खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. एकनाथ सुलभाचा हात धरून बसला होता. अनिका पलंगाच्या पायाशी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. बऱ्याच वेळाने ती बोलली. चिडून नाही, एखादी गोष्ट खरोखरच समजत नाही, म्हणून विचारावी तशी.

"बाबा," ती म्हणाली, "यू कुड हॅव सेड यस."

एकनाथने मान वर केली.

"आली म्हणायचं होतंस. लिफ्टमध्ये आहे म्हणायचं होतंस. हाऊ वुड शी नो?"

"तिची शपथ घेतली होती," एकनाथ म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं, की हे कुणाला समजावून सांगता येणार नाही. अनिकालाही नाही आणि स्वतःलाही नाही. बोलायला हवं होतं तेव्हा तो तीन आठवडे खोटं बोलला होता, आणि खोट्याचा एक शब्द हवा होता तिथे खरं सांगून मोकळा झाला होता.

दीड वाजता त्याने शर्ट बदलला आणि गाडीची किल्ली घेतली. अनिका मी जाते म्हणाली, त्याने नको म्हटलं. शोभना विमानतळाबाहेर आल्या आल्या काय विचारणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवणं त्याला शक्य नव्हतं.